आबांच्या फोनवर येणारा नंबर

"आदरणीय मुजावर मॅडम," इंद्रजित मोठ्यानं वाचत होता, "गेल्या खेपेस आपण विचारलंत, मारहाणीचा काही पुरावा आहे का. फोटो सोबत जोडत आहे." त्यानं मोबाईलवरून मान वर केली. "छान लिहितेस गं. आदरणीय काय, सोबत जोडत आहे काय. मास्तरची पोर शोभतेस."

मी गॅससमोर उभी होते आणि दूध वर येत होतं. ती मेल मी आदल्या दुपारी माझ्या वकील मुजावर मॅडमना पाठवली होती, तीही घरातून नाही, मी शिकवत होते त्या फार्मसी कॉलेजातल्या कॉम्प्युटरवरून. माझा मोबाईल तो रोज संध्याकाळी हातात घेऊन चाळायचा, म्हणून मोबाईलवर मी मेल कधी ठेवलीच नव्हती. पासवर्ड तर परवाच बदलला होता. तरी माझी मेल त्याच्या तोंडातून स्वल्पविरामासकट बाहेर पडत होती.

"तू माझी मेल उघडलीस?" मी विचारलं.

"माझी, तुझी?" तो हसला. "लग्न झालंय आपलं. आणि वकिलाला कायदा शिकवू नकोस. पुरावा कुठून आणला हे कोर्ट विचारत नाही, खरा आहे का एवढंच बघतं. यातलं वाक्यन् वाक्य मी तुझ्यावरच उलटवणार."

मग त्यानं माझ्या माहेरी फोन लावला. ही त्याची जुनी खोड. माझ्यावर हात उचलायच्या आधी तो आबांना फोन लावून माझी तक्रार करायचा, म्हणजे जे व्हायचं ते रीतसर झालं असं त्याला वाटत असावं. त्या दिवशी मात्र त्यानं फोन कापला नाही. स्पीकर चालू करून मोबाईल ओट्यावर, मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवला.

"मामा, ऐका," तो म्हणाला. "तुमची हर्षदा माझ्यावर केस करतेय. फोटोबिटो काढलेत. आता काय करतो ते तुम्हीच ऐका."

पहिली थप्पड बसली तेव्हा माझा कान सुन्न झाला. दुसरीला मी फ्रिजवर आदळले. त्यानं केसांना धरून माझं डोकं कपाटाच्या कडेवर दोनदा आपटलं, आणि मी दारातून निसटायला गेले तर दार माझ्या मनगटावर लावलं. नुसतं लावलं नाही, खांदा देऊन दाबलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि मग माझाच आवाज ऐकला, जो मला ओळखू येईना.

ओट्यावरून आबा बोलत होते. "इंद्रजितराव, अहो, ऐकून घ्या. इंद्रजितराव, लेकरू आहे ते, चुकलं असेल. अहो, शांत व्हा, पाणी प्या."

त्या आवाजाचा मला इंद्रजितच्या मारापेक्षा जास्त संताप आला. मुलीचा हात मोडतोय आणि बाप मोडणाऱ्याला अहो-जाहो करतोय! त्या संतापानंच मी वाचले असेन. दूध उतू जाऊन गॅसवर फसफसत होतं. मी डाव्या हातानं पातेलं उचललं आणि सगळंच्या सगळं त्याच्या तोंडावर मारलं. तो गुरासारखा ओरडला. मी चप्पल न घालता जिना उतरले, खाली रिक्षा होती तीत बसले आणि सरकारी दवाखान्याचं नाव सांगितलं.

डॉक्टरांनी हाताला प्लास्टर घातलं, कपाळाला टाके घातले आणि पोलिसांना कळवलं. एक हवालदार आला. त्यानं मारहाणीचं निमूट लिहून घेतलं, पण मेलचा विषय निघाल्यावर पेन थांबवलं. "ताई, नवऱ्यानं बायकोचं वाचलं, त्यात कसली आलीय चोरी? आमच्या घरात माझा फोन बायकोच वाचती."

त्याच्या मागून पीएसआय लोखंडे मॅडम आल्या. उंच, सावळ्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. "तुमची बायको तुमची हाडं मोडती का?" त्यांनी हवालदाराला विचारलं. मग माझ्याकडे वळल्या. "लग्नाच्या दाखल्यावर पासवर्ड लिहिलेला नसतो. खातं तुमच्या नावावर, परवानगी तुमची हवी. नवरा असला म्हणून कायदा त्याला वेगळा दरवाजा ठेवत नाही. पुरावा काय आहे तुमच्याकडे?"

"सगळं मेलवरच आहे," मी म्हटलं. "मागच्या मारांचे फोटो, डॉक्टरांचे कागद, त्यानं जिवे मारायची धमकी दिली त्याचं रेकॉर्डिंग. मोबाईलवर आलं की कॉलेजातल्या कॉम्प्युटरवरून मेलवर चढवायचं आणि मोबाईलवरून पुसून टाकायचं, असं करत होते. मुजावर मॅडमना अजून निम्मंसुद्धा पाठवलेलं नाही."

त्यांनी आपला मोबाईल पुढे केला. मी डाव्या हातानं चाचपडत पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला. मग पडद्यावर सूचना आली की या खात्यावर संशयास्पद हालचाल दिसते आहे, म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं आहे, आणि आत यायचं तर नोंदवलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपीचा नंबर सांगा. खाली त्या मोबाईलचे शेवटचे दोन आकडे होते.

"हा मोबाईल कुणाचा?" लोखंडे मॅडमनी विचारलं.

"माझ्या वडिलांचा."

बारावीच्या फॉर्मसाठी मी मेल उघडली तेव्हा घरात फोन एकच होता, आबांचा. पुढे माझा मोबाईल आला तरी मी तो नंबर बदलला नाही, कारण माझा मोबाईल इंद्रजितच्या हातात असायचा. साऱ्या जगात मला सुरक्षित वाटला तो नंबर तेवढाच. गेल्या आठवड्यात पासवर्ड लागेना तेव्हा मीच आबांना कॉलेजातून फोन केला होता. त्यांनी मला आलेला नंबर एकेक आकडा सुटा करून सांगितला होता, वर्गात शुद्धलेखन घालावं तसा.

"म्हणजे तुमच्या नवऱ्याला आत जायचं, तर या फोनवर येणाराच नंबर लागणार," लोखंडे मॅडम सावकाश म्हणाल्या. "मग त्याला तो कुणी सांगितला?"

मी पडद्यावरच्या त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले.

त्यांनी आबांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. "आता तोही बाहेर आणि तुम्हीही बाहेर," त्या म्हणाल्या. "ज्याच्या हाती वडिलांचा फोन, त्याचं खातं. तो आधी पोचला तर सगळं पुसून टाकेल. इथं आज मोर्चा आहे, मला बंदोबस्त सोडता येत नाही. तुम्ही पुढे व्हा. माणूस मिळाला की मी स्वतः गाडी घेऊन येते." त्यांनी मला प्रवासापुरते पैसे आणि गाडीत ठेवलेल्या स्वतःच्या चपला दिल्या.

मी माहेरच्या गावाकडे माणसं भरून निघालेल्या वडापच्या जीपमध्ये मागे कोंबून बसले. प्रत्येक खड्ड्याला मनगटातून कळ डोक्यापर्यंत जायची आणि शेजारची बाई म्हणायची, "पडलीस का गं बाय?" मी मान हलवायचे. सबंध रस्ता मी आबांची बाजू लढवत होते. भोळा माणूस. जावई आला की खुर्चीवरून उठणारा, जावयाचं ताट वाढल्याशिवाय स्वतः घास न घेणारा. इंद्रजितनं बँकेचं, आधारचं काहीतरी सांगून गंडवलं असणार. वकील माणूस, दिवसभर थापा मारूनच पोट भरतो.

आबा घरासमोरच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. आई गेल्यापासून ते तिथंच बसायचे. मांडीवर त्यांचा बटणांचा जुना फोन होता, बंद केलेला. मला बघून ते उठले नाहीत. प्लास्टरकडे बघत राहिले.

"उजवा?" त्यांनी विचारलं.

"उजवा."

"म्हणजे लिहायचा."

"फोन का बंद केलात, आबा?"

"सकाळी सगळं ऐकू आलं मला," ते म्हणाले. "तू ओरडलीस ते. दार आपटलं ते. नंतर तोही ओरडला. मग फोन कटला. मी पुन्हा लावला, कुणी उचलेना. मग बंद करून टाकला." त्यांचा आवाज शाळेत हजेरी घेताना असायचा तसाच सपाट होता. "मला यायचं होतं. पाय उचलले नाहीत."

"त्याला नंबर तुम्ही सांगायचात?"

"हो."

"किती वेळा?"

"कालही सांगितला."

मला तिथंच ओरडावंसं वाटलं. पण आबांकडे बघून मलाच घाई झाली. मी त्यांच्या वतीनं उत्तर शोधायला लागले. "थाप मारली असेल ना त्यानं? बँकेचं काम आहे, पेन्शनचं आहे, असं काही? आबा, थापच मारली ना?"

आबांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात इंद्रजितची गाडी कुंपणाला घासत येऊन थांबली.

त्याचा एक गाल लाल होऊन फुगला होता आणि त्यावर पिवळं मलम थापलं होतं. मला बघून तो थबकला, मग हसला. ओट्यावर चढला तसे आबा खुर्चीवरून उठले. सवय! सवय काय असते ते मी त्या दिवशी बघितलं. ते नुसतेच उठले नाहीत, तर आत गेले आणि पितळी तांब्याभांडं भरून आणून त्याच्यापुढे ठेवलं. मला रडू आलं.

"मामा, फोन चालू करा," इंद्रजित म्हणाला. त्यानं स्वतःचा मोबाईल काढला, त्यावर काहीतरी दाबलं. "आता नंबर येईल. सांगा, मी लगेच निघतो. हिचं काय करायचं ते नंतर बघू."

"नाही," आबा म्हणाले.

"काय?"

"नंबर देणार नाही."

इंद्रजितला खरंच कळलं नाही. लग्नापासून त्या घरात त्यानं तो शब्द ऐकला नव्हता. "मामा, तुमचा गैरसमज झालाय. मी शांतपणे मागतोय."

"मीही शांतपणे सांगतोय," आबा म्हणाले. "तू आता जा."

तू म्हणाले. जावयाला, पहिल्यांदाच. इंद्रजितचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग त्यानं आबांच्या छातीवर दोन्ही हातांनी ढकललं. आबा खुर्चीसकट मागे पडले, डोकं भिंतीवर आपटलं, चष्मा उडाला. फोन त्यांनी सोडला नाही. उजव्या मुठीत घट्ट धरून मूठ पोटाशी दाबली.

मी मधे गेले. त्यानं प्लास्टरवरच लाथ घातली. मी गुडघ्यांवर आले आणि काही क्षण मला दिसेनासं झालं. दिसायला लागलं तेव्हा तो आबांच्या छातीवर गुडघा रोवून बसला होता आणि त्यांची मूठ उलगडत होता. "सोड, म्हाताऱ्या. सोड." मूठ उलगडेना. आबांच्या दातांतून रक्त येत होतं. इंद्रजितनं त्यांचा हात ओट्याच्या फरशीवर दाबला, उभा राहिला आणि बुटाची टाच त्या मुठीवर आणली. पूर्ण वजनानं. एकदा, आणि पुन्हा. आबा ओरडले नाहीत. त्यांच्या घशातून नुसता वारा निघाला.

तांब्या माझ्या हाताशी होता. भरलेला होता. मी तो गळ्याशी धरून उचलला आणि इंद्रजितच्या कानावर हाणला. पाणी दोघांच्या अंगावर उडालं. तो वळला, मी पुन्हा हाणला, नाकावर. नाक फुटलं. तिसरा घाव मी कुठं घातला ते आठवत नाही, पण खोटं कशाला सांगू, तो घालताना मला बरं वाटलं. तो ओट्यावरून खाली अंगणात पडला. मी थांबायला हवं होतं, असं नंतर बऱ्याच जणांनी मला सांगितलं. त्यांच्यापैकी तिथं कुणी नव्हतं.

तो उठला तेव्हा त्याच्या हातात कुंपणाचा दगड होता. "आता तुला संपवतोच," असं तो अगदी हळू म्हणाला. तो एक पायरी चढला आणि अडखळला. आबांनी पालथं पडून डाव्या हातानं त्याचा घोटा धरला होता. त्यानं दगड आबांच्या पाठीत घातला. आबांनी घोटा सोडला नाही. पुन्हा घातला. मी तांब्या घेऊन पुढे झाले, आणि तेव्हा फाटकातून पोलिसांची जीप आत आली. लोखंडे मॅडम गाडी थांबायच्या आधीच उतरल्या आणि त्यांच्या काठीचा पहिला फटका त्याच्या दगडाच्या हातावर बसला.

"मी वकील आहे," तो ओरडत होता. "हा घरगुती मामला आहे. माझी बायको आहे ती."

"बस गाडीत," लोखंडे मॅडम म्हणाल्या. "घरगुती."

आबांची मूठ दवाखान्यात उघडली. बोटं मोडली होती, पण फोन जिवंत होता. चालू केल्यावर त्यावर इंद्रजितनं मागवलेले नंबर एकामागून एक येऊन पडले. मग मी मागवलेला आला. लोखंडे मॅडमच्या मोबाईलवर खातं उघडलं. सकाळी त्यानं सगळे फोटो पुसले होते, पण पुसलेलं कचऱ्याच्या पेटीत तसंच पडून होतं. कागद, रेकॉर्डिंग, सगळं. मी ते तिथल्या तिथं मुजावर मॅडमना पाठवलं आणि मग पलंगाच्या कडेला बसून हमसून हमसून रडले.

संध्याकाळ व्हायला आली होती. लोखंडे मॅडम आबांच्या उशाशी खुर्ची ओढून बसल्या. ओट्यावर मुख्य मार आबांना बसला होता, त्यामुळे ही फिर्याद त्यांचीच होती. आबा बोलत होते आणि त्या लिहीत होत्या. ढकललं, छातीवर बसला, हात तुडवला, दगड मारला. सगळं क्रमानं, काही न वगळता.

"तो फोन कशासाठी मागत होता?"

"हर्षदाच्या मेलचा नंबर येतो माझ्याकडे. तो त्याला हवा होता."

"आधीही द्यायचात?"

"द्यायचो."

"तेव्हा काहीतरी खोटं सांगून घ्यायचा ना?" त्यांचं पेन पुढचं वाक्य लिहायला टेकलंच होतं. मीही मान हलवली, आबांच्या आधी.

"नाही," आबा म्हणाले.

पेन थांबलं.

"धोंड्याच्या महिन्यात जेवायला बोलावलं होतं त्याला," आबा छताकडे बघत सांगू लागले. "हिची आई होती तेव्हा. अनारसे दिले, चांदीचा दिवा दिला, धोतरजोडी दिली. तो म्हणाला, मामा, वाणात अजून एक गोष्ट द्या. हर्षदा वकिलांना काय लिहिते ते मला बघायचंय, तुमच्या फोनवर नंबर आला की सांगत जा. उघड म्हणाला. काही लपवलं नाही. मी हो म्हटलं. मुलगी दिली तिथं नंबराचं काय, असं वाटलं मला."

"वकिलांना लिहिते, हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?" मी विचारलं.

"माहीत होतं," आबा म्हणाले. "तू लिहू नयेस असंच मला वाटत होतं. तो वाचेल, तुला ओरडेल, तू गप बसशील, संसार टिकेल. हात मोडेल असं वाटलं नव्हतं. हात उगारतो, हे मात्र माहीत होतं."

लोखंडे मॅडमनी पेन मिटलं आणि आवाज खाली आणला. "काका, माझं ऐका. असं लिहिलं तर उद्या तपासात तुमचंही नाव येईल. दुसऱ्याच्या खात्यात शिरायला मदत केली, तीही जाणूनबुजून. फसवून घेतला एवढे दोन शब्द बोलाल तर तुम्ही साक्षीदार राहाल. तुमची ही अवस्था, कुणी शंकासुद्धा घेणार नाही."

आबा छताकडेच बघत राहिले. लोखंडे मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "खातं तुमचं आहे. फिर्याद यांची असली तरी तुम्हाला विचारते. काय लिहू?"

आबाही माझ्याकडे बघायला लागले. चष्मा नसल्यामुळे त्यांचे डोळे लहान आणि उघडे दिसत होते. याच माणसानं माझ्यासाठी बोटं मोडून घेतली होती. याच माणसानं माझी मेल ताटात वाढून दिली होती. माझं त्यांच्यावर प्रेम होतं आणि त्या क्षणी मला त्यांची शिसारी आली होती. दोन्ही एकदम, दोन्ही तेवढंच. आज इतकी वर्षं झाली, त्यातलं एकही कमी झालेलं नाही.

"ते सांगताहेत तसंच लिहा," मी म्हटलं.

आबांनी डोळे मिटले आणि मान हलवली, बरोबर उत्तर आल्यावर हलवायचे तशी.

लिहून झालं, वाचून दाखवून झालं. सही करायचा हात पट्ट्यांमध्ये गुंडाळलेला होता. हवालदारानं शाईची डबी आणली. आबांनी डावा हात पुढे केला, पण तो इतका थरथरत होता की अंगठा डबीबाहेरच पडायला लागला. हवालदार पुढे झाला. मी त्याला बाजूला सारलं. माझ्या धड हातानं आबांचा अंगठा धरला, शाईत दाबला आणि कागदावर, त्यांच्या नावाखाली, टेकवून धरला.

"नीट उमटला का?" आबांनी विचारलं.

"उमटला," मी म्हटलं.